आधी भिंत बघा, मग राउटर: सीमाभागातल्या घरांसाठी परवडणारं वाय-फाय

आमच्या मावशीचं घर बेळगावच्या खानापूर तालुक्यात. भिंती जांभ्या चिऱ्याच्या, दीड फूट रुंद. फायबरचं कनेक्शन घेतलं तेव्हा वाय-फायचा डबा बसला सोप्यात, कारण वायर रस्त्याकडून येते. सोप्यामागे माजघर, त्यामागे स्वयंपाकघर आणि परड्याकडच्या शेवटच्या खोलीत मावसबहिणीचं अभ्यासाचं टेबल. तिथं व्हिडिओ दर दोन मिनिटांनी अडकायचा. घरच्यांना वाटलं, डबाच हलका आहे. म्हणून साडेतीन हजारांचा, चार अँटेनांचा राउटर आणून सोप्यातल्या त्याच फळीवर ठेवला. टेबलापाशी काडीचाही फरक पडला नाही.

श्रावणात मी तिकडे गेलो. मोबाइलवर सिग्नल मोजण्याचं एक फुकट अ‍ॅप घेतलं आणि सोप्यापासून परड्यापर्यंत हळूहळू चालत गेलो. डब्यासमोर उणे ४१. माजघराच्या उंबऱ्यावर उणे ४८, आणि एक पाऊल बाजूला सरकून भिंतीआड झालो की लगेच उणे ६२. स्वयंपाकघरात उणे ७३. अभ्यासाच्या टेबलावर उणे ८३.

हे आकडे डीबीएममध्ये असतात. शून्याच्या जितके जवळ, तितका सिग्नल जोरदार. उणे ५० पर्यंत उत्तम. उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल नीट चालतो. उणे ७५ च्या पलीकडे अडखळायला लागतं आणि उणे ८० नंतर मेसेज कसेबसे जातात. दर ३ आकड्यांना शक्ती निम्मी होते. म्हणजे ४१ आणि ८३ मधला ४२ चा फरक हा सुमारे सोळा हजार पटींचा फरक आहे. तो चार अँटेना लावून भरून निघत नाही.

शेवटी काम झालं ते वीस-एक मीटर केबल आणि माझ्या कपाटात पडून असलेल्या एका जुन्या राउटरवर, ज्याचा एक पोर्ट जळालेला होता. त्याबद्दल पुढे सांगतो. पहिल्यांदाच राउटर घेणारी माणसं खोका आणि किंमत बघून सुरुवात करतात. माझं सांगणं आहे की सुरुवात घरापासून करा. पैसे त्यातच वाचतात.

राउटर घ्यायची खरंच गरज आहे का?

फायबर कनेक्शनबरोबर जो डबा मिळतो त्याला ओएनटी म्हणतात. काचेच्या तारेतून येणारा प्रकाश तो नेटमध्ये बदलतो. हल्ली बहुतेक ओएनटीमध्ये वाय-फाय आणि राउटर दोन्ही आतच असतात. म्हणजे तुमच्या घरी एक राउटर आधीच आहे. दुसरा घेण्याआधी त्याची परीक्षा घ्या.

डब्यापासून पाच-सहा फुटांवर उभं राहा, फोन ५ गिगाहर्ट्झच्या नावाला (वाय-फायच्या दोन बँडपैकी वेगवान, त्याबद्दल पुढे) जोडा आणि स्पीड टेस्ट करा. प्लॅन १०० एमबीपीएसचा असेल आणि तिथं ८०-९० मिळत असतील तर डबा ठीक आहे. मग दुखणं मागच्या खोलीचं आहे, आणि त्यावरचा उपाय वेगळा. डब्याशेजारीसुद्धा पंधरा-वीसच मिळत असतील तर फोन २.४ वर तर नाही ना ते बघा. मग डबा दहा मिनिटं बंद करून चालू करा, आणि तरीही तेच असेल तर फायबरवाल्याला बोलवा. ओएनटीवर एलओएस लिहिलेला दिवा लाल असेल तर वाय-फायकडे बघूच नका. लाल म्हणजे प्रकाशच पोचत नाही. कुठंतरी तार तुटली आहे, वाकली आहे किंवा जोडातून सुटली आहे. तक्रार नोंदवताना पलीकडचा माणूस कन्नडमधून बोलो की हिंदीतून, ‘एलओएस रेड’ हे दोन शब्द त्याला लगेच कळतात आणि माणूस थेट लाइन तपासायला निघतो.

एक गोष्ट इथेच सांगतो. कपाट सरकवताना ओएनटीची ती बारीक पिवळी वायर काटकोनात दुमडली जाते. आत काच आहे. तिला पेल्याच्या तोंडाएवढी तरी गोलाई द्या.

एमबीपीएस आणि एमबी यांचाही गोंधळ होतो. १०० एमबीपीएसच्या लाइनवर फाइल सेकंदाला जास्तीत जास्त साडेबारा एमबीनं उतरते, कारण ८ बिट म्हणजे १ बाइट. डाउनलोडमध्ये १२ दिसलं म्हणून फसवलं गेलो असं समजू नका.

घर मोजा

वाय-फायचे दोन बँड, म्हणजे लहरींचे दोन पट्टे, असतात. २.४ गिगाहर्ट्झचा सिग्नल भिंतीतून बरा जातो, लांब पोचतो, पण हळू असतो आणि गर्दीत सापडतो. ५ गिगाहर्ट्झचा वेगवान, मोकळा, पण जाड भिंत त्याला सोसत नाही. कुठला बँड कुठल्या खोलीत पोचतो हे तुमच्या भिंती ठरवतात.

बेळगावात टिळकवाडी-हिंदवाडीकडच्या नव्या फ्लॅटमध्ये चार-सहा इंची भिंती असतात. तिथं मधोमध ठेवलेला एक साधा राउटर दोन बेडरूमना पुरतो. शहापूरच्या जुन्या गल्ल्यांतली घरं अरुंद आणि लांब. पुढचं दार एका टोकाला, परडं दुसऱ्या टोकाला, मधे चार-पाच भिंती. तिथं पुढच्या खोलीत कितीही भारी राउटर ठेवला तरी मागं पोचणार नाही. जांबोटी-कणकुंबीकडची चिऱ्याची, मातीची घरं तर याहून कठीण. पावसाळ्यात जांभा पाणी पितो, आणि ओली भिंत कोरड्या भिंतीपेक्षा जास्त सिग्नल खाते. म्हणून उन्हाळ्यात बरं चाललेलं वाय-फाय आषाढात कुरकुरायला लागतं. शक्य असेल तर मोजणी पावसाळ्यात करा. तेव्हा चाललं तर वर्षभर चालेल.

आरसीसी स्लॅबमध्ये लोखंडी सळ्या असतात, त्यामुळे खालून माडीवर सिग्नल जाताना बराच मरतो. लोखंडी कपाट, मोठा आरसा, पाण्याची टाकी यांच्या आडही तेच होतं. वहीच्या एका पानावर घराचा साधा आराखडा काढा, प्रत्येक खोलीत डीबीएमचा आकडा लिहा आणि जिथं बसून खरोखर काम होतं त्या जागेभोवती गोल करा. न्हाणीघरात नेट नाही म्हणून तीन हजार घालवायचे नसतात.

आता डब्याची जागा. जमिनीवर नको, टीव्हीच्या मागं नको, फ्रिजवर नको, मायक्रोवेव्हजवळ तर मुळीच नको, कारण मायक्रोवेव्हही २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासच चालतो. पाच-सहा फूट उंचीवर, मोकळ्या भिंतीवर, घराच्या मध्याजवळ हवा. फायबरवाला दारापाशी खिळा ठोकून मोकळा होतो. त्याला आधीच सांगा, वायर माजघरापर्यंत आणायची आहे. पहिल्या दिवशी तो दहा मीटर जास्त वायर आनंदानं ओढतो. नंतर त्याच्या मागं लागावं लागतं.

मी बेळगावातल्या वडगावात राहतो. गल्लीत अजून घरोघरी मागाचा आवाज असतो, म्हणून विणकर घरांसाठी वेगळं सांगतो. मागाच्या खोलीत राउटर ठेवू नका. सुताचे बारीक तंतू त्याच्या जाळीत जाऊन बसतात, आत वारा फिरत नाही, डबा तापतो आणि दुपारी दोन-तीनच्या सुमारास आपोआप बंद-चालू व्हायला लागतो. दुसरी जागाच नसेल तर महिन्यातून एकदा प्लग काढून कोरड्या रंगाच्या ब्रशनं जाळी झाडा. आमच्या शेजारच्या काकांचा ‘बिघडलेला’ राउटर नुसता ब्रश फिरवून नीट झाला. जाळीतून निघालेल्या तंतूंची वात वळता आली असती.

खोक्यावर काय वाचायचं

खोक्यावर एन३००, एसी१२००, एएक्स१५०० असं काहीतरी मोठ्या अक्षरांत असतं. अक्षर म्हणजे पिढी. एन ही २००९ ची, म्हणजे वाय-फाय ४. एसी म्हणजे वाय-फाय ५. एएक्स म्हणजे वाय-फाय ६, ज्याचं प्रमाणपत्र २०१९ पासून मिळायला लागलं. पुढचा आकडा ही दोन्ही बँडच्या कागदी वेगाची बेरीज. एसी१२०० म्हणजे २.४ वर ३०० आणि ५ वर ८६७, आणि ती बेरीज वर नेऊन १२०० लिहिलेली. तुमचा फोन एका वेळी एकाच बँडवर असतो, आणि हातात येतं ते कागदावरच्या निम्मं किंवा त्याहून थोडं जास्त. त्यामुळे या बेरजेवर भाळू नका. दोन बँड आहेत, एवढंच त्यातून घ्यायचं.

एन३०० चे राउटर फक्त २.४ वर चालतात. शेतातल्या घराला, आजूबाजूला कुणाचं वाय-फाय नसेल आणि दोन-तीन फोनच असतील तर ते अजूनही चालतं. शहरात मात्र नको. अनगोळच्या एखाद्या अपार्टमेंटमध्ये अ‍ॅप उघडून बघा, २.४ वर वीस-पंचवीस नावं दिसतील. त्या पट्ट्यात एकमेकांना न धडकणारी चॅनेलं तीनच, १, ६ आणि ११. पंचवीस बैलगाड्या तीन वाटांवर, असा प्रकार.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि दुकानात कुणी आपणहून न सांगणारं: पोर्ट. राउटरच्या मागं केबल लावायच्या ज्या खाचा असतात त्या १०० एमबीपीएसच्या आहेत की १००० च्या, हे खोक्याच्या बाजूला बारीक अक्षरांत असतं. ‘१०/१००’ किंवा ‘फास्ट इथरनेट’ म्हणजे १००. ‘१०/१००/१०००’ किंवा ‘गिगाबिट’ म्हणजे १०००. एसी१२०० लिहिलेल्या राउटरला १०० चे पोर्ट असू शकतात. टीपी-लिंकचे आर्चर सी५० आणि आर्चर सी६ हे दोन्ही एसी१२०० च. पण सी५० चे पोर्ट १०० चे आणि सी६ चे गिगाबिट. खोक्यावरचा मोठा आकडा तोच, किंमत वेगळी, आणि कारण हे. तुमचा प्लॅन ३०० चा असेल आणि राउटर १०० च्या पोर्टचा, तर वाय-फाय कितीही चांगलं असलं तरी आत ९४-९५ च्या वर काही येणार नाही. नळ मोठा लावला आणि पाइप अर्ध्या इंचाचा राहिला, असं होतं.

उलट प्लॅन ४० किंवा ६० चा असेल आणि पुढची तीन वर्षं तोच राहणार असेल, तर गिगाबिटचे जास्तीचे पैसे देऊ नका. ते पैसे केबलमध्ये घाला.

अँटेनांचं काय? सरकारी नियमानं वाय-फायची जास्तीत जास्त शक्ती ठरलेली आहे. दोन हजारांचा आणि सहा हजारांचा राउटर साधारण सारख्याच जोरानं बोलतात. शिवाय हे बोलणं दोघांचं असतं. राउटर कितीही मोठ्यानं ओरडला तरी फोनचं उत्तर त्याला ऐकू यायला हवं, आणि फोनच्या आतला अँटेना बोटाच्या पेराएवढा. मावशीच्या घरी नेमकं हेच झालं होतं. म्हणून अँटेना मोजून राउटर निवडू नका. मोठे अँटेना सिग्नल जास्त आडवा पसरवतात, वर-खाली कमी. अँटेना उभे ठेवले की सिग्नल त्याच मजल्यावर पसरतो. माडीवर हवा असेल तर एक आडवा करा.

वाय-फाय ६ घ्यावं का? घरात आठ-दहा उपकरणं एकाच वेळी चालत असतील आणि फोन गेल्या तीन-चार वर्षांतले असतील तर घ्या. खूप जण एकत्र वापरत असतील तिथं ते पाळ्या नीट वाटून देतं. सगळे फोन जुने असतील तर आज काही फायदा दिसणार नाही. डब्ल्यूपीए३ ही नवी सुरक्षा मात्र खोक्यावर असेल तर बरं. निदान डब्ल्यूपीए२ हवंच, त्याखाली काही नको.

पैसे किती लागतात

दुकानाप्रमाणे शे-दोनशे इकडे-तिकडे होतात, पण साधारण असं: एन३०० हजाराच्या आसपास. दोन बँडचा, १०० च्या पोर्टचा एसी१२०० चौदाशे ते अठराशे. गिगाबिटचा एसी१२०० बावीसशे ते अठ्ठावीसशे. वाय-फाय ६ चा साधा राउटर साधारण त्याच्याच आसपासपासून पुढं. टीपी-लिंक, डी-लिंक, टेंडा, मर्क्युसिस या नावांचे राउटर सगळीकडे मिळतात.

पहिल्यांदा घेणाऱ्या घरासाठी, १०० पेक्षा जास्तीच्या प्लॅनवर, मी आजही गिगाबिटचा एसी१२०० च सुचवतो. त्याच्या खाली हळहळ वाटते, आणि त्याच्या वर जाऊन जे मिळतं ते आपल्याकडच्या प्लॅनमध्ये बहुतेकदा वापरलंच जात नाही.

दुकानात पक्कं बिल घ्या आणि त्यावर राउटरचा सिरियल नंबर लिहून घ्या. बऱ्याच कंपन्या तीन वर्षांची वॉरंटी देतात, पण बिलाशिवाय तिचा उपयोग नाही. सर्व्हिस सेंटर बेळगावात आहे की राउटर हुबळीला पाठवावा लागतो, हेही त्याच वेळी विचारा. निपाणी-चिकोडीच्या लोकांना कोल्हापूर जवळ, तिथं घेतलं तरी चालतं. पक्क्या बिलावर वॉरंटी देशभर असते. ग्राहक म्हणून कुणी दाद देत नसेल तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे.

चारशे-पाचशेला मिळणारे जुने डबे बघून मोह होतो. त्यातले कितीतरी एखाद्या इंटरनेट कंपनीनं आपल्या ग्राहकांसाठी बनवून घेतलेले आणि कुलूपबंद असतात. दुसऱ्याच्या लाइनवर ते चालत नाहीत. जुना घ्यायचाच असेल तर ओळखीच्या माणसाकडून, चालवून दाखवला तरच.

जोडणी

कनेक्शन कसं आहे त्यावर सगळं अवलंबून आहे. घरात ओएनटी असेल तर नवशिक्यानं सोपी वाट धरावी: ओएनटीलाच राउटर राहू द्या आणि नवा डबा ‘अ‍ॅक्सेस पॉइंट’ मोडमध्ये लावा, म्हणजे तो नुसतं वाय-फाय देईल. दोघंही राउटर बनले की एका घरात दोन कारभारी होतात. कॅमेरा सापडत नाही, गेम चालत नाही, प्रिंटर गायब होतो.

गल्लीतल्या केबलवाल्याकडून साधी लॅन केबल घरात येत असेल तर ती नव्या राउटरच्या वेगळ्या रंगाच्या पोर्टमध्ये लावायची. त्यावर वॅन किंवा इंटरनेट लिहिलेलं असतं. केबलवाल्याकडून दोन गोष्टी लिहून घ्या: पीपीपीओई, म्हणजे नाव-पासवर्ड टाकून नेट चालू करायची पद्धत, आहे का आणि असेल तर त्याचं नाव व पासवर्ड. काही ठिकाणी जुन्या राउटरचा मॅक नंबर, म्हणजे त्या डब्याचा स्वतःचा ओळखक्रमांक, त्यांच्याकडे नोंदवलेला असतो. तसं असेल तर नवा राउटर लावला की नेट येत नाही आणि माणूस राउटरला दोष देतो. केबलवाल्याला नवा मॅक कळवा. तो राउटरच्या तळाशी चिकटवलेल्या कागदावर छापलेला असतो.

मग फोन राउटरच्या वाय-फायला जोडून ब्राउझरमध्ये १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१ टाका, आकडे इंग्रजी कीबोर्डवरून. पहिलं काम, राउटरच्या आतल्या पानाचा पासवर्ड बदला. तो वाय-फायच्या पासवर्डपेक्षा वेगळा असतो आणि बहुतेक घरांत वर्षानुवर्षं कारखान्यातलाच राहतो. दुसरं, फर्मवेअर, म्हणजे राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर, अपडेट करा. तिसरं, डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्डऐवजी बटण किंवा पिननं जोडायची सोय, बंद करा. चौथं, देश म्हणून भारत निवडा, म्हणजे चॅनेलं बरोबर येतात.

वाय-फायचा पासवर्ड फोन नंबर ठेवू नका. गल्लीत सगळ्यांना तो माहीत असतो. एकमेकांशी संबंध नसलेले चार मराठी शब्द जोडा: विहीर, कुंदा, पाटी, रविवार. आजीलाही सांगता येतो आणि बाहेरच्याला सुचत नाही. नाव देवनागरीत ठेवता येतं, पण काही जुन्या टीव्हींवर त्याचे चौकोन दिसतात, म्हणून ते इंग्रजी अक्षरांत ठेवा. विद्यार्थ्यांना खोल्या भाड्यानं दिल्या असतील, आणि बेळगावात ते खूप घरांत आहे, तर गेस्ट नेटवर्क चालू करून त्याचाच पासवर्ड त्यांना द्या. पोरं बदलली की तो बदलायचा. घरातल्या कुठल्याही उपकरणाला हात लावावा लागत नाही.

२.४ साठी चॅनेल १, ६, ११ पैकी जे रिकामं दिसेल ते. ५ साठी ३६ ते ४८ मधलं एखादं धरा. मधली काही चॅनेलं जुन्या फोनना दिसतच नाहीत.

मागच्या खोलीसाठी

प्लगमध्ये खुपसायचे रिपीटर हजार-बाराशेला मिळतात. एकाच बँडवर चालणारा रिपीटर ऐकलेलं पुन्हा बोलतो, त्यामुळे वेग साधारण निम्मा होतो. लोक तो जिथं सिग्नल नाही तिथंच लावतात, हा दुसरा घोटाळा. लावायचाच तर अर्ध्या वाटेवर, जिथं सिग्नल अजून उणे ६० च्या आसपास आहे तिथं.

केबल हा खरा उपाय. लॅन केबलच्या प्रकारांपैकी कॅट६ किंवा कॅट५ई, शुद्ध तांब्याची. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची केबल स्वस्त मिळते, ती टाळा. हातात घेतली तर हलकी लागते, आणि टोक खरवडलं की आत पांढरं दिसतं. गिगाबिटला आतल्या आठही तारा लागतात, १०० ला चारच पुरतात. म्हणून जास्तीच्या चारांपैकी एखादी तार तुटली की नेट बंद पडत नाही, नुसतं १०० वर घसरतं आणि कारण सापडत नाही. पिन बसवणाऱ्याकडून टेस्टरवर आठही दिवे लागलेले बघून घ्या.

आता माझ्या त्या जळक्या राउटरची गोष्ट. आमच्याकडे पूर्वी खांबावरून तांब्याची लॅन केबल गच्चीवर यायची. एका मे महिन्यात वळीव आला, मागच्या गल्लीत कुठंतरी वीज पडली, आणि राउटरचा वॅन पोर्ट गेला. बाकीचे चार पोर्ट आणि वाय-फाय शाबूत. तो टाकून देण्याजोगा वाटला होता, पण अ‍ॅक्सेस पॉइंटला वॅन पोर्ट लागतच नाही. मावशीच्या घरी तोच लावला. रीत अशी: जुन्या राउटरला फोन किंवा लॅपटॉप जोडून त्याचा पत्ता १९२.१६८.१.२५० असा करायचा. शेवटचा आकडा सोडून बाकीचा पत्ता मुख्य डब्याच्या पत्त्याशी जुळायला हवा. मग त्याची डीएचसीपी, म्हणजे उपकरणांना आपोआप पत्ते वाटायची सोय, बंद करायची, वाय-फायचं नाव आणि पासवर्ड मुख्य डब्याचाच द्यायचा, चॅनेल वेगळं ठेवायचं. शेवटी मुख्य डब्याच्या लॅन पोर्टमधून आलेली केबल याच्याही लॅन पोर्टमध्ये लावायची.

वीस मीटर केबल आम्ही माळ्यावरून, वाशांच्या कडेनं नेली आणि कौलाखालच्या फटीतून मागच्या खोलीत उतरवली. चिऱ्याला भोक पाडावं लागलं नाही. टेबलावर उणे ८३ होतं तिथं उणे ४४ आलं.

वीज आणि वळीव

राउटर आणि ओएनटी दोन्ही मिळून पंधरा-वीस वॅट खातात. मिनी यूपीएस, म्हणजे राउटरपुरती छोटी बॅटरी, त्यांना काही वेळ चालवतो, मोठा इन्व्हर्टर त्याहून जास्त. मिनी यूपीएस घेताना अडॅप्टरवरचा व्होल्टचा आकडा बघा. राउटर बहुतेकदा ९ व्होल्टचा असतो किंवा १२ चा. व्होल्ट तंतोतंत जुळला पाहिजे, अँपिअर जास्त असले तरी चालतात. लोक राउटरला बॅकअप देतात आणि ओएनटीला विसरतात, मग वाय-फाय दिसतं पण नेट नसतं. घरच्या इन्व्हर्टरवर असेल आणि वीज गेल्या क्षणी राउटर झटका खाऊन पुन्हा सुरू होत असेल, तर इन्व्हर्टरचा खटका ‘यूपीएस’कडे आहे का बघा.

फायबर आणि लॅन केबल यांत निवड करायची झाली तर मी फायबर घ्या म्हणेन. मधल्या वाटेवर तिला कुठंच वीज लागत नाही, आणि काचेतून विजेचा लोळही येत नाही. लॅनवाल्याचा स्विच मात्र कुणाच्या तरी गच्चीवर असतो, आणि तिथली वीज गेली की तुमच्याकडे दिवे असूनही नेट जातं. तांब्याची केबल असेल तर एप्रिल-मेमध्ये दुपारी ढग भरून आले की अडॅप्टरची पिन आणि वॅनची केबल दोन्ही काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही.

फायबरच नसेल तर

घाटाकडच्या काही वाड्यांवर अजून सिमच्या राउटरवरच भिस्त आहे. घेण्याआधी ज्या कंपनीचं सिम टाकणार तिचे बँड त्या राउटरमध्ये आहेत का ते विचारा. बीएसएनएलचं ४जी बऱ्याच ठिकाणी ७०० मेगाहर्ट्झच्या बँड २८ वर असतं, आणि स्वस्त राउटरमध्ये कधीकधी नेमका तोच नसतो. डबा टॉवरच्या दिशेच्या खिडकीत ठेवा. चंदगडच्या बाजूला हद्दीवर असाल तर आणखी एक: सिम कर्नाटकाचं आणि टॉवर महाराष्ट्राचा, असं होतं. पैसे जास्त लागत नाहीत, पण राउटरच्या सेटिंगमध्ये डेटा रोमिंग बंद असेल तर सिग्नल पूर्ण आणि नेट शून्य. ते चालू करा.

सगळं झालं की एका चिठ्ठीवर पीपीपीओईचं नाव-पासवर्ड, राउटरच्या आतल्या पानाचा पासवर्ड, वाय-फायचा पासवर्ड, बिलाची तारीख आणि लाइनमनचा नंबर लिहा. चिठ्ठी राउटरवर चिकटवू नका, येणारा-जाणारा वाचतो. आमच्याकडे ती लाइटबिलांच्या फायलीत पहिल्या पानाला टाचलेली आहे, आणि ती तिथं आहे हे आईलाही ठाऊक आहे.